बिल्बाओ: टायटॅनियमचे संग्रहालय आणि पिंचोंच्या गल्ल्या

उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशात, नेर्वियोन नदीच्या काठी बिल्बाओ हे शहर वसले आहे. समुद्र बारा-पंधरा किलोमीटरवर, भोवती हिरवे डोंगर, आणि अंगावर पडतो आहे की नाही असा प्रश्न पडावा इतका बारीक पाऊस. या पावसाला तिथे ‘सिरीमिरी’ म्हणतात. लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे शहर फार मोठे नाही. तरीही आधुनिक कला पाहायला आणि मनसोक्त खायला जगभरातून माणसे इथे येतात. पुष्कळजण मित्रमंडळींसोबत येतात आणि एकाच दिवसात दोन्ही साधतात: सकाळी गुगेनहाइम संग्रहालय आणि मग नदीकाठाने चालत जुन्या गावात, पिंचो खायला. दोन्ही गोष्टी पायांवर उभे राहून, फिरत-फिरत आणि बोलत-बोलत करायच्या आहेत. म्हणूनच त्या एकमेकींना इतक्या शोभतात.

संग्रहालय येण्याआधी बिल्बाओ हे लोखंडाचे शहर होते. १३०० साली या नगराला सनद मिळाली तेव्हापासून इथला व्यापार बंदरावर चालत आला. भोवतालच्या डोंगरांत कमी फॉस्फरसचे उत्तम लोहखनिज होते. बेसेमर पद्धतीने पोलाद बनवायला नेमके तसलेच खनिज लागे, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या कारखान्यांनी ते जहाजे भरभरून नेले. त्या पैशातून बिल्बाओत पोलादाचे कारखाने, जहाजबांधणीच्या गोद्या आणि बँका उभ्या राहिल्या. नदीचा काठ म्हणजे क्रेन, कंटेनर, गोदामे आणि धुराडी. सामान्य माणसाला तिथे जायचे काही कारणच नव्हते.

१९७०च्या दशकातल्या मंदीनंतर हे सगळे ढासळू लागले. पोलादाला गिऱ्हाईक उरले नाही, एउस्काल्दुना ही नामांकित गोदी १९८०च्या दशकात बंद पडली, बेकारी २५ टक्क्यांच्या घरात गेली. त्यातच ऑगस्ट १९८३ मध्ये नेर्वियोनला महापूर आला आणि जुन्या गावातली दुकाने, खाणावळी, दारूचे गुत्ते पाण्याखाली गेले. बास्क स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललेल्या ‘एता’ या संघटनेचा हिंसाचारही त्याच काळातला. अशा शहराने आपल्या नदीकाठावर अमेरिकन प्रतिष्ठानचे आधुनिक कलेचे संग्रहालय बांधायचे ठरवले, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला.

बास्क सरकारने १९९१ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम प्रतिष्ठानशी बोलणी सुरू केली. प्रतिष्ठानचे तत्कालीन संचालक थॉमस क्रेन्स यांना युरोपात विस्तार करायचा होता, आणि बिल्बाओला जगाच्या नकाशावर नव्याने यायचे होते. बांधकामाचा सुमारे ९ कोटी डॉलरचा खर्च बास्क सरकारी तिजोरीतून होणार होता. शिवाय गुगेनहाइमला २ कोटी डॉलर द्यायचे आणि नव्या कलाकृतींच्या खरेदीसाठी वेगळा निधी काढायचा होता. कारखाने बंद पडत असताना हा पैसा परक्या नावावर का घालायचा, हा प्रश्न रास्त होता आणि तो कडाडून विचारला गेला. बास्क शिल्पकलेतले मोठे नाव असलेले होर्हे ओतेइसा विरोधकांत आघाडीवर होते.

इमारतीच्या आराखड्यासाठी तीन वास्तुशिल्पकारांना बोलावले होते. त्यातून फ्रँक गेरी यांची निवड झाली. मूळचे कॅनडातले गेरी लॉस एंजलिसमध्ये काम करत. ते कागदावर सैल रेघोट्या ओढत, मग लाकूड आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करत, आणि त्या प्रतिकृतींची वळणे संगणकात उतरवली जात. त्यासाठी त्यांच्या कार्यालयाने ‘कातिया’ ही संगणकप्रणाली वापरली. दासो या फ्रेंच कंपनीने ती विमानांचे आकार आखण्यासाठी बनवली होती. या प्रणालीमुळे प्रत्येक वाकड्या पत्र्याचे आणि प्रत्येक तुळईचे नेमके माप कारखान्यापर्यंत पोहोचले. हे माप नसते तर हा आकार कागदावरच राहिला असता, कारण या इमारतीत सरळ भिंत शोधावी लागते.

बाहेरून दिसतात त्या तीन गोष्टी म्हणजे पिवळसर चुनखडीचा दगड, काच आणि टायटॅनियम. टायटॅनियमचे सुमारे ३३ हजार पत्रे या इमारतीवर आहेत आणि एकेक पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ आहे. जवळ जाऊन पाहिले तर पत्रा सपाट नसल्याचे दिसते. त्याला मध्ये किंचित फुगवटा आहे, कडा एकमेकींवर चढलेल्या आहेत, माशाच्या खवल्यांसारख्या, आणि जोराचा वारा आला की तो हलकेच थरथरतो. गेरींना आधी स्टेनलेस स्टील वापरायचे होते. पण बिल्बाओच्या ढगाळ हवेत स्टील निर्जीव दिसेल ही त्यांची धास्ती होती. टायटॅनियमचा एक तुकडा त्यांनी आपल्या कार्यालयाबाहेर लावून पाहिला, तर पावसाळी उजेडात तो सोनेरी झाला. आजही सिरीमिरी पडत असताना ही इमारत पाहणे हे लख्ख उन्हात पाहण्यापेक्षा जास्त सुखाचे आहे. दगडी करडा, मधाळ, गुलाबी असे तिचे रंग तासातासाला बदलत जातात. तेव्हा पाऊस आला म्हणून कुणी बेत रद्द करू नये.

आत शिरण्याआधी निदान तासभर बाहेर घालवावा, कारण संग्रहालयातल्या काही सर्वांत लाडक्या कलाकृती उघड्यावरच आहेत आणि त्यांना तिकीट लागत नाही. प्रवेशापाशी बसलेला आहे ‘पपी’, अमेरिकन कलाकार जेफ कून्स यांचा बारा मीटरहून उंच कुत्रा. पोलादी सांगाड्यात माती भरलेली, आत पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या आणि अंगभर हजारो जिवंत फुलझाडे लावलेली. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, परांची बांधून माळी ही सगळी झाडे बदलतात. उन्हाळ्यात बिगोनिया, पिटुनिया, झेंडू, तर थंडीत पॅन्सी. लहान मुलांना तो आवडतो हे उघडच आहे, पण थोरांनाही त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढल्याशिवाय राहवत नाही. या कुत्र्याच्या पायाशी एक दुःखद घटनाही घडली आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये, उद्घाटनाला काही दिवस उरले असताना, माळ्यांच्या वेषात आलेल्या ‘एता’च्या लोकांनी कुंड्यांमध्ये स्फोटके दडवून आणली होती. चेमा आगिर्रे या बास्क पोलिसाला संशय आला. त्याने हटकले आणि गोळी लागून तो मरण पावला. पपीसमोरच्या चौकाला आज त्याचे नाव आहे. १८ ऑक्टोबरला राजे हुआन कार्लोस यांच्या उपस्थितीत संग्रहालय ठरल्याप्रमाणे सुरू झाले.

मागच्या बाजूला, नदीकाठावर ‘मामाँ’ उभी आहे: लुईझ बुर्जुआ यांची नऊ मीटर उंचीची कांस्याची कोळीण. तिच्या पोटाखाली जाळीदार पिशवी आहे आणि पिशवीत संगमरवराची अंडी. दुरून ती अंगावर येते, पण तिच्या बारीक पायांच्या मधून वर पाहिले की भीती ओसरते आणि तिचे जपणे लक्षात येते. बुर्जुआ यांची आई जुन्या भरजरी पडद्यांची विणकामाने दुरुस्ती करत असे. कोळीण हे त्या आईचेच रूप, असे कलाकाराने सांगितले आहे. मित्रांच्या घोळक्यात या शिल्पापाशी हमखास दोन तट पडतात. कुणाला ते किळसवाणे वाटते, कुणाला मायाळू. दोघांचेही बरोबर असते, कारण कलाकृतीत दोन्ही आहे.

पलीकडे पाण्याच्या कडेला चकाकत्या पोलादी गोळ्यांचा एक मनोरा आहे, अनिश कपूर यांचा ‘टॉल ट्री अँड द आय’. प्रत्येक गोळ्यात नदी, पूल, इमारत आणि पाहणारा माणूस उलटसुलट दिसतो. एका गोळ्यातले प्रतिबिंब दुसऱ्यात, त्याचे तिसऱ्यात. कपूर यांचा जन्म १९५४ सालचा, मुंबईतला. कलेचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि तिथूनच त्यांचे नाव जगभर झाले. मराठी पाहुण्याने या मनोऱ्यापाशी दोन मिनिटे अधिक रेंगाळणे साहजिक आहे. याच काठावर फुजिको नाकाया यांचे धुक्याचे शिल्प आहे. ठराविक वेळाने बारीक नळ्यांतून पाण्याचे तुषार सुटतात, पायवाट आणि इमारतीचा तळ धुक्यात बुडतो आणि शेजारी उभे असलेले मित्र काही क्षण दिसेनासे होतात.

संग्रहालयाच्या आत पहिले लागते ते मध्यवर्ती दालन. पन्नास मीटरच्या आसपास उंच, काचेच्या उद्वाहकांचे आणि वळणदार सज्जांचे. इथून तीन मजल्यांवरच्या एकोणीस दालनांना वाटा फुटतात. काही दालने चौकोनी, शिस्तीची आहेत आणि बाहेरून दगडाने मढवलेली आहेत. बाकीची वेडीवाकडी, बाहेरून टायटॅनियमची. साध्या आकाराच्या खोल्यांत बहुधा चित्रे लावतात, आणि वाकड्या खोल्या भल्यामोठ्या मांडण्यांसाठी राखतात.

वेळ कमी असेल तर बाकी सगळे सोडून तळमजल्यावरच्या सर्वांत मोठ्या दालनात जावे. सव्वाशे मीटरहून लांब आणि मध्ये एकही खांब नसलेले हे दालन रिचर्ड सेरा यांच्या ‘द मॅटर ऑफ टाइम’ या कलाकृतीने भरले आहे. गंजाने तांबूस-तपकिरी झालेल्या पोलादी पत्र्यांच्या आठ अवाढव्य रचना इथे आहेत: सर्पाकार, लंबगोल, शंखासारख्या आत-आत वळणाऱ्या. एकूण वजन हजार टनांच्या वर. पत्रे जमिनीला जखडलेले नाहीत, आपल्या वाकामुळे आणि वजनामुळेच ते उभे आहेत. ‘सर्प’ ही रचना उद्घाटनापासूनची, बाकीच्यांची भर २००५ साली पडली.

ही कलाकृती नुसती पाहायची नाही, तिच्यात चालायचे आहे. दोन भिंतींमधल्या वाटेत शिरले की भिंती आधी बाहेर कलतात, मग आत. डोक्यावरचे छत अरुंद होत जाते. चालणाऱ्याचा तोल जात नाही, पण जाईलसे वाटते आणि हात नकळत भिंतीकडे जातो. (हात लावायला मनाई आहे, पण तो मोह इथे फार अनावर होतो.) पावलांचा आवाज पुढून येतो की मागून, कळत नाही. पुढच्या वळणावर गेलेला मित्र हसतो ते जवळून ऐकू येते, आणि तो मात्र सापडत नाही. मग एकाएकी वाट संपते आणि मोकळी गोल जागा लागते. तिथे सगळे एकमेकांना भेटतात. एकाच वाटेने गेलेल्या चौघांना ती वेगवेगळ्या लांबीची वाटलेली असते. सेरा यांना जे म्हणायचे होते ते हेच: घड्याळातला वेळ सर्वांचा सारखा, पण चालणाऱ्या शरीराचा वेळ ज्याचा त्याचा. तरुणपणी स्वतः पोलाद कारखान्यात राबलेल्या कलाकाराचे हे पोलादी काम एका पोलादी शहरात यावे, यात मोठे औचित्य आहे. वरच्या मजल्यावरच्या सज्जातून ही सगळी रचना खाली एखाद्या नकाशासारखी दिसते. ते दृश्य आधी पाहू नये, चालून झाल्यावरच पाहावे.

चित्रांच्या दालनांत प्रदर्शने बदलत राहतात, त्यामुळे अमुक चित्र अमुक दिवशी दिसेलच असे नाही. तरी संग्रहालयाच्या मालकीच्या संचात मार्क रॉथको यांचे १९५२-५३ सालचे भव्य रंगपटल आहे, अँडी वॉरहॉल यांच्या दीडशे रंगीत मेरिलिन आहेत, अँसेल्म किफर यांची राख-मातीने जडावलेली चित्रे आहेत, आणि साय ट्वॉम्ब्ली यांची रोमन सम्राट कोमोडस याच्यावरची १९६३ सालची नऊ चित्रे आहेत. ही नऊ चित्रे १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम लागली तेव्हा समीक्षकांनी त्यांची हेटाळणी केली होती. आज ती संग्रहाची शान मानली जातात. आधुनिक चित्रापुढे ‘यात काय आहे?’ असा प्रश्न पडणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. जाणकारही पहिल्या भेटीत चकतात.

अशा चित्रांपुढे ‘कळले नाही’ म्हणायची लाज वाटण्याचे कारण नाही. मैत्रीत ही लाज लवकर सुटते, हा सोबतीने जाण्याचा पहिला फायदा. दुसरा असा की एकाने पाहिलेले दुसऱ्याच्या ध्यानात आलेले नसते. रंग वाहून आलेला ओघळ एखाद्याला दिसतो, एखाद्याला चित्राच्या मापाचाच धाक वाटतो. मात्र सगळ्यांनी सतत घोळक्याने फिरणे बरे नव्हे. प्रत्येक दालनात वेगळे व्हावे, आपल्या पायांनी हवे तिथे थांबावे, आणि दाराशी पुन्हा भेटावे. दोन-अडीच तासांनंतर डोळे थकतात, पाहिलेले एकात एक मिसळू लागते. तिथे थांबणे शहाणपणाचे.

एक चित्र मात्र इथे नाही, आणि त्याची अनुपस्थिती बास्क लोकांना टोचते. बिल्बाओपासून तीसेक किलोमीटरवर ग्वेर्निका हे गाव आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी, स्पेनच्या यादवी युद्धात, जर्मन आणि इटालियन विमानांनी ते बाँबफेक करून उद्ध्वस्त केले. त्याच वर्षी पाब्लो पिकासो यांनी त्या गावाच्या नावाचे चित्र रंगवले. ते माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे. गुगेनहाइमच्या उद्घाटनासाठी ते काही दिवस तरी मिळावे अशी मागणी बिल्बाओने केली होती. चित्राची नाजूक अवस्था दाखवून ती नाकारण्यात आली.

संग्रहालयातून बाहेर पडून जुन्या गावाकडे जायला ट्राम आहे, भुयारी रेल्वेही आहे (तिची काचेची नळीदार प्रवेशद्वारे नॉर्मन फॉस्टर यांची), पण चालत जाणेच उत्तम. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास. वाटेत सांतियागो कालात्राव्हा यांचा पांढरा कमानदार सुबिसुरी पूल लागतो. त्याच्या काचेच्या फरशीवरून पावसात इतकी माणसे घसरली की नगरपालिकेला वर चटईसारखा पट्टा अंथरावा लागला. जिथे कधी जहाजांचे धक्के होते तिथे आता झाडे, बाके आणि संध्याकाळी फिरणारी म्हातारी जोडपी आहेत. नदी स्वच्छ करायला सांडपाण्याची व्यवस्था नव्याने उभारावी लागली आणि त्याला कित्येक वर्षे लागली. बिल्बाओचे पुनरुज्जीवन एका इमारतीने केले असे सर्रास लिहिले जाते, ते अर्धेच खरे आहे. पहिल्या वर्षी तेरा लाखांच्या आसपास लोक आले ते इमारतीसाठी, हे कबूल. पण नदी, भुयारी रेल्वे, ट्राम, बंदर समुद्राकडे हलवणे ही कामे बरोबरीने झाली नसती, आणि आलेल्या पाहुण्याला संध्याकाळी जावेसे वाटेल असे जुने, जिवंत गाव पलीकडे नसते, तर लोक इमारत पाहून त्याच दिवशी परतले असते. नुसती चमकदार इमारत बांधून बिल्बाओची नक्कल करू पाहणाऱ्या शहरांना हे उशिरा उमगले.

कास्को व्येहो, म्हणजे जुने गाव, नदीच्या उजव्या तीरावर आहे. त्याचा गाभा म्हणजे सात समांतर गल्ल्या. त्यांच्या जवळच १८५१ साली पूर्ण झालेला प्लासा नुएवा हा कमानींनी वेढलेला चौक, आणि नदीला लागून रिबेराची मंडई. दुकानांच्या पाट्या दोन भाषांत असतात, स्पॅनिश आणि बास्क. बास्क भाषेचे नाते जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषेशी जुळलेले नाही. जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर शेजारच्या नावार्रातले, आणि त्यांचीही मायबोली हीच.

पिंचो म्हणजे काडी टोचलेला छोटा घास. पावाच्या चकतीवर काहीतरी रचायचे आणि लाकडी काडीने ते धरून ठेवायचे, ही मूळ पद्धत. आता काडी नसलेलेही कितीतरी प्रकार याच नावाने मिळतात. बारच्या काउंटरवर ताटेच्या ताटे मांडलेली असतात: अँकोव्ही माशाचे, कोळंबीचे, खेकड्याच्या सारणाचे, सुकवलेल्या हॅमचे, इदियासाबाल या मेंढीच्या दुधाच्या चीजचे. थंड पिंचो समोरून निवडायचे. गरम हवे असतील तर फळ्यावर खडूने लिहिलेल्या यादीतून सांगायचे, ते आतून ताजे करून येतात. जाणकार गरमच मागवतात, कारण मांडून ठेवलेल्यांचा ताजेपणा दुपारी एकनंतर झपाट्याने उतरतो.

रीत साधी आहे. एका बारमध्ये पोटभर खायचे नाही. तिथला नावाजलेला एखादा पिंचो, सोबत एक छोटा पेला, आणि मग पुढचा बार. उभ्यानेच खायचे. दोन-तीन तासांत चार-पाच बार होतात आणि जेवण आपोआप होऊन जाते. दुपारी साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी सातनंतर ही त्याची वेळ. रात्रीचे बसून जेवण स्पेनमध्ये नऊच्या आधी फारसे कुणी करत नाही. लहानपणापासूनच्या मित्रांच्या टोळक्याला तिथे ‘कुआद्रिया’ म्हणतात. जन्मभर टिकणारे हे टोळके ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या बारांतून फिरते. या फेरीला ‘चिकितेओ’ म्हणतात, कारण ‘चिकितो’ हा जाड बुडाचा छोटा पेला तिची खूण आहे. पैशांचा हिशेब सरळ असतो. सुरुवातीला प्रत्येकाने सारखी रक्कम काढायची, ती एकाच्या हाती द्यायची, आणि फेरी संपेपर्यंत त्यानेच सगळीकडे चुकते करायचे. कमी पडले तर पुन्हा वर्गणी. कुणी काय खाल्ले याची नोंद कुणी ठेवत नाही. परगावहून आलेल्या मित्रांनीही हीच पद्धत उचलावी. बिल मागायला दर वेळी सहा पाकिटे निघाली की काउंटरवरचा माणूस आणि मागची रांग दोघेही वैतागतात. जुने चिकितेओवाले गातातही. पेलोता गल्लीत फरशीवर एक तारा आहे, तिथून वर डोंगरावरचे बेगोन्या देवीचे चर्च दिसते. तिथे थांबून ते देवीचे गाणे म्हणतात.

पहिला पिंचो कोणता, याला बहुतेकांचे उत्तर एकच असते: ‘हिल्दा’. शिजवणे नाही, तळणे नाही. काडीवर आधी हिरवे ऑलिव्ह, मग तेलातली खारवलेली अँकोव्ही घडी घालून, आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लांब हिरव्या मिरच्या, पुन्हा ऑलिव्ह. सबंध काडी एकाच घासात तोंडात घ्यायची. आधी मीठ, मग आंबट, मग नाकापर्यंत चढणारा सौम्य तिखटपणा, आणि शेवटी ऑलिव्हचा कडसर तेलकटपणा. हा पिंचो १९४०च्या दशकातला, शेजारच्या सान सेबास्तियान शहरातला, आणि त्याचे नाव रिटा हेवर्थ यांच्या त्या वेळी गाजलेल्या १९४६च्या चित्रपटावरून पडले. ही मिरची अमेरिका खंडातून स्पेनमध्ये आली. पोर्तुगीजांनी तीच सोळाव्या शतकात गोव्यात आणली आणि तिथून ती घाटावर पोहोचली. ग्वेर्निकाच्या लहान हिरव्या मिरच्याही चुकवू नयेत. देठासकट तेलात तळून वर जाड मीठ भुरभुरलेली बशी येते. त्या जवळजवळ तिखट नसतातच, मराठी जिभेला तर मुळीच लागणार नाहीत.

बिल्बाओचा खरा मानाचा पदार्थ मात्र खारवलेला कॉड मासा, बाकालाओ. बास्क खलाशी सोळाव्या शतकात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापर्यंत देवमासा आणि कॉड मारायला जात, आणि मिठात सुकवलेला मासा महिनोन्‌महिने टिके. त्याचा ‘पिल-पिल’ हा प्रकार पाहण्याजोगा आहे. मासा दिवस-दीड दिवस पाणी बदलत भिजवून खारटपणा काढतात. मातीच्या पसरट भांड्यात ऑलिव्ह तेल तापवून त्यात लसणाचे काप आणि सुकी मिरची परततात आणि बाजूला काढतात. त्या तेलात मंद आचेवर मासा शिजतो. मग भांडे उतरवून, तेल थोडे निवले की दोन्ही हातांनी ते गोल-गोल हलवत राहायचे. माशाच्या कातडीतला चिकट रस तेलात मिसळत जातो आणि पाहता पाहता पारदर्शक तेलाची दाट, पांढरट-पिवळी साल्सा होते. ना मैदा, ना साय, ना अंडे. हात थांबला की ती फुटते. याच माशाचा दुसरा प्रकार, बिस्कायाच्या पद्धतीचा, सुक्या गोडसर लाल मिरच्यांच्या आणि कांद्याच्या रश्शात शिजतो. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आलेला बाकल्याव ज्यांनी खाल्ला आहे त्यांना या माशाचा पोत ओळखीचा वाटेल.

शाकाहारी मंडळींनी थोडी तयारी ठेवावी. बटाट्याचे जाड ऑम्लेट, तोर्तिया, सगळीकडे मिळते. अंडे चालत असेल तर तेच आधार. आतून ओलसर, काठाला घट्ट, कांद्यासह की कांद्याविना यावर स्पेनभर वाद आहे. तळलेल्या मिरच्या, लसणात परतलेली अळिंबी, चीज आणि ऑलिव्ह हेही निर्धास्त. क्रोकेटा मात्र दिसायला बटाट्याच्या कटलेटसारखी असली तरी आत बहुधा हॅम किंवा कॉड असतो, तेव्हा विचारूनच घ्यावी. भाजीच्या पदार्थांतही हॅमचे तुकडे सहज टाकतात.

पेल्यात काय, तर स्थानिक उत्तर चाकोली. किंचित फसफसणारी, आंबटसर पांढरी वाइन. तेलकट-खारट पिंचोंनंतर ती जीभ धुऊन काढते. कुणी रिओहाची लाल वाइन घेते, कुणी ‘सुरितो’ म्हणजे बिअरचा लहान पेला. तरुण पोरे स्वस्त लाल वाइनमध्ये कोला मिसळून ‘कालिमोचो’ करतात. न पिणाऱ्याला मोस्तो, म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस, प्रत्येक बारमध्ये मिळतो आणि तो मागण्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

बारांच्या या फेरीतच सकाळची चित्रे पुन्हा निघतात. दालनात हळू आवाजात बोललेले इथे मोकळेपणी बोलता येते. कोळीण भीतिदायक की प्रेमळ, वॉरहॉलच्या दीडशे मेरिलिनपैकी शंभर काढल्या असत्या तर काय बिघडले असते, सेराच्या वाटेत कुणाला घुसमटले. दुसऱ्या बारपर्यंत मते बदललेली असतात. संग्रहालय स्वतःही खाण्याला कलेपासून दूर ठेवत नाही. त्याच्या इमारतीतले नेरुआ हे उपाहारगृह होसेआन अलिखा यांच्या हाताखाली नावारूपाला आले आणि त्याला मिशलिन तारा मिळाला. १९७०च्या दशकात हुआन मारी आर्साक, पेद्रो सुबिहाना आणि त्यांच्या सोबत्यांनी घरगुती बास्क स्वयंपाक नव्याने रचला. आजचे नखरेल पिंचो त्याच चळवळीची लहान भावंडे आहेत. आणि ज्यांना घरचेच हवे त्यांच्यासाठी ‘चोको’ आहेत. या खासगी भोजनमंडळांत सभासद एकत्र येऊन स्वतः रांधतात आणि स्वतः वाढतात. पूर्वी तिथे बायकांना स्वयंपाकघरात येऊ देत नसत. आता पुष्कळ मंडळांनी तो नियम मोडला आहे. बाहेरच्या माणसाला सभासदाच्या आमंत्रणाशिवाय तिथे जाता येत नाही, पण आमंत्रण आलेच तर सोडू नये.

गोडाला बिल्बाओची स्वतःची तीन नावे आहेत. लोणी भरलेला मऊ पाव. ‘तांदळाचा’ म्हणवणारा पण आता बहुधा गव्हाच्या पिठाचाच असणारा छोटा पाय. आणि ‘कारोलिना’: खुसखुशीत वाटीवर पांढऱ्या मेरिंगचा उंच सुळका, एका अंगाला चॉकलेट, दुसऱ्या अंगाला अंड्याच्या पिवळ्या बलकाचा लेप. ती हातात धरून चालता-चालता खायची म्हणजे नाक हमखास माखते. बेकऱ्या सकाळपासून उघड्या असतात, पण दुपारी काही तास बंद. म्हणून गोड खायचे असेल तर ते संग्रहालयाकडे जाण्याआधी बांधून घ्यावे, किंवा संध्याकाळी पाचनंतर. संग्रहालय वर्षाचा बराचसा काळ सोमवारी बंद असते आणि जुन्या गावातले काही नामांकित बारही सुट्टी घेतात. मंगळवार ते शनिवार हे दिवस धरावेत. रविवारी सकाळी प्लासा नुएवामध्ये जुनी पुस्तके, नाणी आणि पोस्टाची तिकिटे विकणारा बाजार भरतो, आणि त्या गर्दीत पिंचो खायला जागा मिळवायची असेल तर बाराच्या आत पोहोचलेले बरे.